मोटारींतील ऊब

थंड देशांतील मोटारींत ऊब फार उशिरां आली. आरंभींच्या मोटारी उघड्या असत. अमेरिकेंतील प्रवासी हिवाळ्यांत जाड कांबळीं पांघरून आणि पायांशीं तापविलेल्या विटा ठेवून बाहेर पडत. वास्तविक त्यांच्या पुढ्यांतच भट्टी धगधगत होती. पेट्रोलच्या उष्णतेचा जेमतेम चतुर्थांश चाकांच्या कामीं येई. बाकीची बरीचशी धुराबरोबर आणि इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यावाटे वाऱ्यावर जाई. ही वाया जाणारी उष्णता माणसाकडे कशी वळवावी, एवढाच प्रश्न होता.

पहिलें उत्तर धुरानें दिलें. १९२७ ते १९३१ या काळांत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीला असा हीटर जोडतां येई कीं, धुराच्या तापलेल्या नळावरून गेलेली हवा थेट आंत यावी. युक्ति साधी, परंतु नळाला चीर पडली तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायुही आंत शिरे, आणि निजलेल्या प्रवाशास त्याची चाहूलही लागत नसे.

दुसरें उत्तर पाण्याचें. इंजिनाचें गरम पाणी एका लहान रेडिएटरांतून खेळवावयाचें आणि त्यावरून पंख्यानें हवा फुंकावयाची. १९३८ सालीं अमेरिकेंतील नॅश कंपनीनें बाहेरची ताजी हवा आंत घेऊन ती अशा रीतीनें तापविली. १९३९ सालीं थर्मोस्टॅटची जोड मिळून तिची ‘वेदर आय’ योजना प्रसिद्धीस आली. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींत आजही मुख्यतः हेंच तत्त्व आहे.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे बिघाड शोधणें सोपें जातें. पंखा फिरतो पण झोत गार येतो, तेव्हां पाण्याची वाट तपासावी. इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्या जपून चांचपाव्या. दोन्ही गरम असल्या तर हवेची झडप अडकली असावी. एक गरम व दुसरी गार असेल तर लहान रेडिएटर गाळानें तुंबला असावा. दोन्ही गार असून इंजिनाचा कांटाही वर चढत नसेल, तर थर्मोस्टॅट बहुधा उघडाच अडकला आहे.

मात्र झोत गार आणि कांटा वर, अशी स्थिति दिसतांच इंजिन बंद करावें. पाणी आटलें असण्याचा संभव मोठा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. वाफेनें हात-तोंड भाजतें. इंजिन निवल्यावरच पाणी पहावें आणि गळती शोधावी. पाणी सरूं लागलें म्हणजे अनेकदां हीटरच आधीं गार पडतो. त्याची ती खूण ओळखणाऱ्याचें इंजिन वांचतें.