माल्टाचे जिव्हापाषाण

इंग्लंडमधील केंब्रिज येथे सेजविक भूशास्त्रीय वस्तुसंग्रहालय आहे. १९०४ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूत, १७२८ साली निवर्तलेले डॉ. जॉन वुडवर्ड यांची लाकडी कपाटे आजही जतन केलेली आहेत. त्यांतील खनिजे, खडक व जीवाश्म मिळून जवळजवळ दहा हजार नमुने भरतात. या संग्रहात माल्टा बेटावरचे काही त्रिकोणी, धारदार, चकचकीत दगड आहेत. त्यांचा इतिहास आपणा ख्रिस्ती वाचकांना जवळचा वाटावा असा आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात संत पौलाच्या माल्टावरील वास्तव्याचा वृत्तान्त आहे. गलबत फुटल्यानंतर तो किनाऱ्यास लागला, काटक्या शेकोटीत घालताना विषारी साप त्याच्या हाताला डसला, त्याने तो विस्तवात झटकून टाकला आणि त्याला काही इजा झाली नाही. पुढे लोकांनी या प्रसंगाला एक जोड दिली. संताने बेटावरील सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगड झाल्या, असे मानले जाऊ लागले. हे ‘जिव्हापाषाण’ विषावर उतारा म्हणून युरोपभर विकले जात. कोणी ते गळ्यात बांधी, कोणी मद्याच्या पेल्यात बुडवी.

१६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क मासा पकडला. टस्कनीचे महाड्यूक दुसरे फर्डिनांड यांनी त्याचे डोके फ्लॉरेन्सला मागवून निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे सोपविले. विच्छेदन करताना स्टेनो यांना त्या जबड्यातील दात आणि जिव्हापाषाण यांतील साम्य दिसले. फाबियो कोलोन्ना यांनी १६१६ सालीच हे दगड म्हणजे दात असल्याचे प्रतिपादन केले होते. स्टेनो यांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला: समुद्रातील दात डोंगरातील खडकात कसे शिरले? झाडाची मुळे खडकाच्या फटीत वाढली की वेडीवाकडी होतात. हे दात मात्र रेखीव आहेत. अर्थात ते दगडात वाढलेले नाहीत. ते गाळात पडले आणि त्या गाळाचाच पुढे खडक झाला.

१६६७ साली त्यांनी हे विवेचन प्रसिद्ध केले. त्यातील शार्कचे चित्र मिकेले मर्काटी यांच्या ताम्रपटावरून घेतलेले होते. सोळाव्या शतकात व्हॅटिकनमधील खनिजसंग्रहाची व्यवस्था पाहणारे ते हेच मर्काटी. १६६९ सालच्या ग्रंथात स्टेनो यांनी नियम मांडला: थरांवर थर असतील, तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरील लाव्ह्याचे पट्टेही याच नियमाने वाचले जातात.

सिसिलीचे चित्रकार अगोस्तिनो शिल्ला यांनी १६७० साली याच मताचा सचित्र पुरस्कार केला. त्यांचा जीवाश्मसंग्रह वुडवर्ड यांनी विकत घेतला आणि अशा रीतीने माल्टाचे दात केंब्रिजला पोहोचले.

लुथरन घराण्यात जन्मलेल्या स्टेनो यांनी १६६७ सालीच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, १६७७ साली ते बिशप झाले आणि १६८६ साली श्व्हेरीन येथे, अत्यंत साधेपणाने जगून, निवर्तले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जिव्हापाषाणांची कथा खोटी ठरली, म्हणून पवित्र शास्त्रातील एकही ओळ खोटी ठरली नाही. दगड झालेल्या जिभांविषयी त्या अध्यायात अक्षरही नाही. श्रद्धेच्या नावाने आपण मागाहून काय काय जोडले आहे, हे तपासण्याचे काम प्रत्येक पिढीला करावे लागते. आपल्या घरांतील ताईत, उतारे आणि तोडगे पाहिले, म्हणजे ते काम अजून संपलेले नाही हे कळते. ते करणारा मनुष्य श्रद्धेचा वैरी असतोच असे नाही. तो पुढे धर्मगुरूही होऊ शकतो.