गाओकाओतल्या इंग्रजीचे गोत्र

चीनमधल्या परीक्षांवर लिहायला बसले की लेखक हमखास चौदाशे वर्षे मागे जातो. सुई-तांग काळातली शाही परीक्षा, नानजिंगच्या परीक्षागृहातल्या हजारो अरुंद कोठड्या, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांची घोकंपट्टी, आणि तिथून एका ढांगेत आजचा गाओकाओ, म्हणजे दर जूनमधली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा. वंशावळ अगदी सरळ दिसते. पण गाओकाओची इंग्रजीची प्रश्नपत्रिका हातात घेतली की ती तुटते. नव्या आराखड्यात १५० पैकी ९५ गुण निव्वळ पर्याय निवडून मिळतात. ऐकण्याला ३०, वाचनाला ५० आणि गाळलेल्या जागांच्या उताऱ्याला १५. टू-बी पेन्सिलने उत्तरपत्रिकेवरचा रकाना काळा करायचा, तपासायचे काम यंत्राचे. शाही परीक्षेत पर्याय निवडण्याचा मागमूस नव्हता. तिथे पानेच्या पाने लिहावी लागत. मिंग काळापासून तर आठ अंगांच्या ठरीव साच्यातला निबंध लागे आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांनी केलेली नक्कल परीक्षक तपासत. त्या परीक्षेचा वारसा सांगायचाच, तर आपल्या यूपीएससीने सांगावा. सनदी नोकर स्पर्धेतून निवडावेत का, यावर १८५० च्या दशकात ब्रिटनमध्ये वाद झाला तेव्हा चीनचे दाखले दिले जात होते आणि १८५५ पासून हिंदुस्थानातल्या सनदी जागा खुल्या परीक्षेने भरू लागल्या.

मग गाओकाओतली इंग्रजी आली कुठून? ठळक टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. १८६२ मध्ये परराष्ट्र व्यवहारासाठी दुभाषे घडवायला बीजिंगमध्ये थोंगवेन-ग्वान ही शाळा निघाली, १९०५ मध्ये शाही परीक्षा मोडीत निघाली, १९५२ मध्ये देशभर एकच प्रवेशपरीक्षा आली. त्या दशकात रशियनची चलती होती. मॉस्कोशी बिनसल्यावर १९६४ च्या आराखड्यात इंग्रजीला पहिल्या परकीय भाषेचा मान मिळाला आणि १९६६ मध्ये परीक्षाच बंद पडली. देंग शियाओफिंग यांच्या पुढाकाराने १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा परकीय भाषेचा पेपर फक्त भाषा शिकू इच्छिणाऱ्यांपुरता होता. खरी गंमत पुढे आहे. १९७८ मध्ये हे गुण नुसते नोंदवले, बेरजेत धरले नाहीत. १९७९ मध्ये त्यांतले १० टक्के धरले, मग दरवर्षी ३०, ५०, ७० टक्के असे करत १९८३ मध्ये पूर्ण. म्हणजे इंग्रजीत ८० मिळवणाऱ्याच्या पदरात १९७९ साली ८ गुण पडत, १९८२ साली ५६. शिक्षकांचा दुष्काळ असलेल्या देशात एखादा विषय सक्तीचा करण्याची इतकी सावध रीत क्वचितच कुठे दिसेल.

विषयाचे वजन असे वाढले, पण त्याचे रूप ठरले ते ग्वांगदोंगमध्ये. ग्वांगझोच्या परकीय भाषा संस्थेतले भाषावैज्ञानिक ग्वेइ शिछुन यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये त्या प्रांतात प्रमाणित चाचणीचा प्रयोग झाला. त्यासाठी निवडलेले विषय होते इंग्रजी आणि गणित. १९८९ पासून ही पद्धत देशभर पसरू लागली. त्यात इंग्रजी का? माझ्या मते उत्तर टोफेलमध्ये आहे. अमेरिकेची ही परीक्षा १९८१ मध्ये चीनमध्ये पोचली होती. बहुपर्यायी प्रश्न, काठिण्याचे गणित, गुणांचे रूपांतर, सगळी यंत्रणा तयार आणि तीही नेमकी इंग्रजीसाठी. इतिहास किंवा चिनी भाषेच्या पेपरला असा आयता नमुना कुठून मिळणार? शिवाय हाँगकाँग शेजारी असलेल्या ग्वांगदोंगला बाहेरचे वारे सर्वात आधी लागत.

त्याच प्रश्नपत्रिकेत रुजलेला गाळलेल्या जागांचा उतारा तर आणखी लांबून आला. १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने तो मांडला तो वृत्तपत्रविद्येच्या नियतकालिकात, आणि परीक्षेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायचे होते. ठरावीक अंतराने, समजा दर पाचवा, शब्द गाळायचा. वाचकाला जितके शब्द भरता येतील तितका मजकूर सुगम. परीक्षा मजकुराची होती, माणसाची नव्हे. गेस्टाल्ट मानसशास्त्रातली कल्पना यामागे होती, की अपुरे वर्तुळ दिसले तरी मन ते पुरे करते. पुढे भाषातज्ज्ञांनी हे हत्यार विद्यार्थ्यावर उलटवले. चीनमध्ये त्यात आणखी फेरफार झाला. कुठला शब्द गाळायचा ते प्रश्न काढणारा ठरवतो आणि प्रत्येक जागेला चार पर्याय देतो. टेलरला हा आपला नातू आहे हे पटले असते की नाही, शंकाच आहे.

यावर आक्षेप असा की नमुना परका असेल, पण तो इतका खोल रुजला त्याला जमीन जुनीच लागली. यात तथ्य आहे. नक्कल करणाऱ्या कारकुनाची जागा यंत्राने घेतली, एवढे मी मान्य करतो. पण एकाच मुळाचे झाड असते तर अमेरिकी संख्याशास्त्रही निमूट पचले असते. तसे झाले नाही. जजियांग प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि चांगले गुण धरतात. नोव्हेंबर २०१८ चा पेपर आधीच्यापेक्षा अवघड गेला म्हणून अधिकाऱ्यांनी काही प्रश्नांच्या गुणांना काठिण्यानुसार भार दिला. असे समायोजन चाचणीशास्त्राला मुळीच नवे नाही. पालक मात्र खवळले: कागदावर पडलेले गुण बदलणारे तुम्ही कोण? प्रांतिक सरकारने चौकशी केली, भार रद्द केला, मूळ गुण परत दिले आणि शिक्षण विभागाच्या प्रमुखाला पदावरून हटवले.