दुखणे विदर्भाचे, मोजदाद जगाची

नागपूरचे नाव निघाले की संत्री, दीक्षाभूमी आणि देशाच्या मध्यावरचे रेल्वे जंक्शन आठवते. वैद्यकीय मानवशास्त्र नावाच्या विद्याशाखेच्या इतिहासातही या शहराला आणि भोवतालच्या विदर्भाला स्थान आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. माणूस आजारी पडला की त्याच्या शरीरात काय बिघडले हे वैद्यकशास्त्र पाहते. तो त्या आजाराला काय नाव देतो, कोणाकडे धाव घेतो, कोणापासून लपवतो, आणि त्याची जात, गरिबी, सोयरिकी व खाणेपिणे यांचा त्या आजाराशी काय संबंध आहे, हे वैद्यकीय मानवशास्त्र पाहते. या शास्त्राच्या लेखनाची वाटचाल नागपूरला मध्यभागी ठेवून वाचकांपुढे मांडावी, असा आमचा विचार आहे. ती मांडताना एका प्रश्नाला सामोरे जावेच लागते: एखाद्या संशोधनाचा जगात किती वेळा उल्लेख झाला, यावरून त्याचे मोल ठरते काय?

मिशनऱ्यांच्या वह्या

या भागातील आदिवासींविषयीच्या अभ्यासाची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे. ते १८४५ मध्ये नागपुरास आले. गोंडांची भाषा, गाणी व चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे. ते एका प्रधानाच्या तोंडून उतरून घेतलेले होते. परंतु ग्रंथालयांच्या नोंदीत नावे आली ती हिस्लॉप आणि टेंपल यांची. पुढे १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर आर. व्ही. रसेल हे लेखक आणि रायबहादूर हिरालाल हे साहाय्यक आहेत. माहिती कोणाची आणि नाव कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

या इतिहासात कॅथलिक धर्मगुरूंचाही वाटा आहे. डिव्हाइन वर्ड संस्थेचे फादर विल्हेल्म श्मिट यांनी १९०६ मध्ये ऑस्ट्रियात ‘अँथ्रोपोस’ हे नियतकालिक सुरू केले. दूरदूरच्या मिशनांत राहून स्थानिक भाषा शिकलेल्या धर्मगुरूंनी पाहिले-ऐकलेले लिहून पाठवावे, ही त्यामागची कल्पना होती. याच संस्थेचे फादर स्टीफन फुक्स यांनी मध्य भारतात दीर्घकाळ काम केले आणि मुंबईत मानवशास्त्राची संशोधन संस्था उभारली. पूर्व मंडल्यातील गोंड व भूमिया यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला. मंडला जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. मेळघाटच्या आपल्या वाचकांना परिचित असलेल्या कोरकूंवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. निमाडातील बलाही समाजाच्या मंत्रोपचारांवरचा त्यांचा लेख १९६४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका संग्रहात आहे. त्या काळी या शास्त्राचा कल असाच होता: मांत्रिक कोण, नजर कशी उतरवतात, कोणत्या देवतेच्या कोपाने कोणते दुखणे येते, याची बारकाईने नोंद करायची. नोंद मोलाची खरी. परंतु रुग्ण बरा व्हावा हा काही तिचा हेतू नव्हता.

१९५८ मधील दोन लेख

विसाव्या शतकाच्या मध्यावर संशोधकांचे लक्ष मंत्रांवरून रक्ताकडे वळले. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना उठतात आणि पंडुरोग जडतो. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक ठरते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. १९१० मध्ये शिकागोत या विकाराचे प्रथम वर्णन झाले आणि पुढे कित्येक वर्षे तो आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच विकार मानला गेला. १९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हे जनुक दाखवून दिले. त्यानंतर १९५८ मध्ये आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा नागपूरचा छोटासा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हा विकार डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या जमातींपुरता नाही, नागपूरच्या आसपासच्या गावांतील जातींतही तो आहे, हे त्यामुळे पुढे आले.

त्याच वर्षी अमेरिकेत फ्रँक लिव्हिंगस्टन यांचा लेख आला. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती सुरू झाली, उन्हात उघड्या पडलेल्या डबक्यांत डास वाढले, हिवताप बळावला. आणि सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असल्याने ते जनुक टिकून राहिले, अशी त्यांची मांडणी होती. हा लेख मानवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला. एका लेखाने सिद्धांत दिला, दुसऱ्याने एका प्रदेशातील दुखण्याची वार्ता दिली. जगात उल्लेख सिद्धांताचे होतात. वार्तेचा उपयोग मात्र ज्या गावात दुखणे आहे त्या गावाला अधिक.

मोजदाद कशी सुरू झाली

आज विद्यापीठांत ‘सायटेशन’ हा परवलीचा शब्द झाला आहे. एका लेखात दुसऱ्या लेखाचा आधार म्हणून केलेला उल्लेख, म्हणजे संदर्भनिर्देश, असा त्याचा सरळ अर्थ. या उल्लेखांची सूची करावी ही कल्पना अमेरिकेच्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियाच्या संस्थेने विज्ञानविषयक लेखांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. त्यातूनच ‘इंपॅक्ट फॅक्टर’ म्हणजे प्रभावांक निघाला. त्याचा हिशेब सोपा आहे. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत १०० लेख छापले आणि त्यांचा यंदा एकूण २०० वेळा उल्लेख झाला, तर यंदाचा प्रभावांक २.

सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी हे माप जन्माला आले. पुढे त्याच मापाने माणसे मोजली जाऊ लागली. नेमणुका, बढत्या आणि अनुदाने त्यावर ठरू लागली. या मापाच्या मर्यादा उघड आहेत. दोन वर्षांत ज्याची चर्चा होते त्याला ते मोठे मानते आणि वीस वर्षांनी फळणाऱ्या कामाला लहान. एखाद्या लेखाचे खंडन करण्यासाठी त्याचा उल्लेख केला, तरी तो त्याच्याच खात्यावर जमा होतो. ग्रंथांची मोजणी तोकडी, आणि मराठीसारख्या भाषेतील लेखन तर जवळजवळ हिशेबाबाहेरच.

वैद्यकीय मानवशास्त्राची स्वतंत्र नियतकालिके याच काळात उभी राहिली. समाजशास्त्र आणि वैद्यक यांना जोडणारे एक मोठे इंग्रजी नियतकालिक १९६७ मध्ये निघाले. १९७७ या एकाच वर्षी आणखी दोन निघाली. त्यांतील एकाचे संस्थापक हार्वर्डचे आर्थर क्लाइनमन. डॉक्टर ज्याला रोग म्हणतो आणि रुग्ण जे दुखणे भोगतो, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, या त्यांच्या भेदाने संशोधनाचा कल पुन्हा बदलला आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणे ऐकण्याला महत्त्व आले. पुढे हैतीमध्ये गरिबांची सेवा करणाऱ्या डॉ. पॉल फार्मर यांनी, मुक्तीच्या धर्मविचाराचे ऋण मान्य करीत, आजारामागच्या सामाजिक अन्यायाकडे या शास्त्राचे लक्ष वेधले. ही नियतकालिके अर्थातच पाश्चात्त्य देशांतून निघत. लोक आपल्याकडचे, छापखाना तिकडचा आणि मोजदादही तिकडची, असा हा व्यवहार राहिला.

सौम्य म्हटलेला आजार

उल्लेखांच्या गर्दीत रुग्णाचे काय होऊ शकते, याचे बोलके उदाहरण सिकलसेलचेच आहे. १९८६ मध्ये दोन महत्त्वाचे लेख आले. भारतातील आणि सौदी अरेबियाच्या पूर्वभागातील सिकलसेलचे जनुक आफ्रिकेतून आलेले नसून स्वतंत्रपणे उद्भवले असावे, असे एकाने दाखवले. ओडिशातील रुग्णांचा आजार जमैकातील रुग्णांपेक्षा सौम्य असल्याचे दुसऱ्याने नोंदवले. दोन्ही लेख आपापल्या जागी प्रामाणिक होते. परंतु ओडिशातील एका भागाचा निष्कर्ष पुढे संपूर्ण देशावर पसरला, आणि भारतीय सिकलसेल म्हणजे सौम्य सिकलसेल हे वाक्य एका लेखातून दुसऱ्यात उतरत राहिले.

१९९७ मध्ये मुंबईच्या आणि फ्रान्सच्या संशोधकांनी वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगरआदिवासी रुग्ण यांची तुलना केली. वलसाडच्या रुग्णांत अल्फा थॅलेसेमिया हा आणखी एक आनुवंशिक दोष फार मोठ्या प्रमाणात आढळला; त्यामुळे सिकलसेलची तीव्रता कमी होते. नागपूरच्या रुग्णांत तो कमी होता आणि त्यांचा आजार अधिक तीव्र होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पुढे प्रसिद्ध झालेल्या बालरुग्णांच्या अभ्यासांनीही हेच सांगितले. आजार सौम्य म्हटला की तपासणीची निकड वाटत नाही, औषधाची तरतूद मागे पडते आणि रात्रभर हातपाय धरून रडणाऱ्या मुलाचे दुखणे घरच्यांनाही अतिशयोक्तीचे वाटू लागते. वाक्याचा उल्लेख शंभरदा झाला म्हणून ते प्रत्येक गावाला लागू होत नाही, हा धडा विदर्भाने दिला आहे.

गडचिरोलीची दोन पुस्तके

याउलट जगाने ऐकावे असे बोलणे विदर्भातून गेले आणि जगाने ते ऐकले, याचेही उदाहरण आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य गडचिरोलीत काम करू लागले. जानेवारी १९८९ मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करता ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावर थांबलेल्या सरकारी दृष्टीला या आकड्यांनी हादरा दिला. या लेखाचे उल्लेख देशोदेशी झाले, आणि १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेत स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा विचार व्यापक पायावर मांडला गेला.

त्याच स्त्रिया आपल्या दुखण्याविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, अंगावरून पांढरे जाण्याचे कारण त्या काय समजतात, हेही डॉ. राणी बंग यांनी ऐकून घेतले. त्या श्रवणातून ‘कानोसा’ हे मराठी पुस्तक उभे राहिले. स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्यावर ‘गोईण’ आले. परदेशी सूचीच्या हिशेबात या पुस्तकांची किंमत शून्य. गावातील परिचारिका, शिक्षिका आणि घरातील थोरली सून ज्या भाषेत वाचते त्या भाषेत मात्र ती आहेत. आमच्या मते १९८९ चा लेख आणि ही पुस्तके एकमेकांना पूरक आहेत. लेखाने धोरण हलते, पुस्तकाने घर हलते.

आपल्यापुरते काय

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, असे तिचे ध्येय आहे. तीत ७ कोटी लोकांची तपासणी आणि समुपदेशन योजले आहे. येथे शास्त्राची गाठ थेट आपल्या धर्मग्रामांशी पडते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. धर्म बदलला म्हणून रक्त बदलत नाही, आणि रक्तात जनुक आहे म्हणून माणसाची प्रतिष्ठा कमी होत नाही. तरीही सोयरीक मोडेल या भीतीने तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी जातो आणि वाहक असल्याचा दोष बहुधा मुलीच्याच माथी येतो. जुन्या संशोधनाने आकड्यांपुढे जातींची नावे लिहिली. ती शास्त्राच्या सोयीसाठी होती. समाजाने त्यांतून डाग काढला. तो पुसण्याचे काम कोणत्याही प्रभावांकात मोजले जाणार नाही. विवाहापूर्वीच्या शिबिरांत या तपासणीची माहिती मराठीत, दोन्ही घरांना एकत्र बसवून आणि कोणाची मान खाली जाऊ न देता सांगितली गेली, तर हे काम होऊ लागेल.

संदर्भनिर्देश म्हणजे खरे तर ऋणाची कबुली. हे मी अमक्याकडून घेतले, असे सांगण्याची ती सभ्य रीत आहे. गेल्या दीडशे वर्षांत विद्वानांनी एकमेकांची ऋणे चोख नोंदवली. ज्या प्रधानाने गीत सांगितले, ज्या स्त्रीने लाज बाजूला ठेवून दुखणे सांगितले, ज्या बालकाने बोट पुढे करून रक्ताचा थेंब दिला, त्यांचे ऋण सूचीत मावत नाही. ते फेडण्याचा एकच मार्ग आम्हांला दिसतो: त्यांच्याकडून घेतलेले ज्ञान त्यांच्या भाषेत, त्यांच्या उंबरठ्यापर्यंत परत पोहोचवणे.