१९९२ चे विम्बल्डन आणि एक पुणेकर

विम्बल्डनची कुमार स्पर्धा म्हटले की आपल्याला १९५४ साली एकेरी जिंकणारे रामनाथन कृष्णन आठवतात, १९७९ साली तोच पराक्रम करणारे त्यांचे चिरंजीव रमेश आठवतात, आणि १९९० सालचा लिअँडर पेस तर आठवतोच. कुमार दुहेरीची हकीकत मात्र फारशी कुणी सांगत नाही. तिच्यात एक पुणेकर आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही दुहेरी तिथे तशी उशिरा, १९८२ मध्ये सुरू झाली. पहिले विजेते ऑस्ट्रेलियाचे पॅट कॅश व जॉन फ्रॉली. दहा वर्षांनी अंतिम फेरीत दोन भारतीय मुले उभी राहिली : पुण्याचा नितीन कीर्तने आणि नुकताच अठरा वर्षांचा झालेला महेश भूपती. समोर ऑस्ट्रेलियाचेच स्टीव्हन बाल्डास व स्कॉट ड्रेपर. ऑस्ट्रेलियन जोडी जिंकली : ६-१, ४-६, ९-७.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला; आकडे दिसले की बेरीज करून पाहायची खोड. पहिल्या सेटमध्ये आपल्या मुलांना जेमतेम एक गेम मिळाला. पण वाचकहो, उरलेल्या दोन सेटचे गेम मोजा : तेरा विरुद्ध तेरा! तेव्हा तिथे निर्णायक सेटला टायब्रेक नसे. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत झुंजायचे. २०२२ पासून ग्रँड स्लॅम स्पर्धांत निर्णायक सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेक होतो. तिथे ९-७ असा निकाल आता लागणे नाही.

पुढे भूपती अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात आले आणि १९९५ मध्ये अली हमादेहसह आंतरविद्यापीठ दुहेरी जिंकले. १९९७ मध्ये रिका हिराकीबरोबर फ्रेंच मिश्र दुहेरी, १९९९ मध्ये पेसबरोबर विम्बल्डन. पलीकडच्या ड्रेपर यांनी २००५ मध्ये समांथा स्टोसरसह ऑस्ट्रेलियन मिश्र दुहेरी जिंकली. म्हणजे जाळ्याच्या दोन्ही बाजूंचे एकेक नाव मोठे झाले आणि एकेक मागे राहिले. कीर्तने भारतात बरीच वर्षे खेळत राहिले, पण भूपतींची कहाणी सांगताना हे पुणेरी नाव सहसा गळते.

आमच्या अ‍ॅशबर्नमध्येही मुलाला रॅकेट घेऊन देणारे आईवडील आधी एकेरीची क्रमवारी विचारतात. वास्तविक इथल्या विद्यापीठांच्या सांघिक लढतीत तीन दुहेरी सामने मिळून एक गुण असतो, आणि सहसा तोच आधी खेळला जातो. जोडीदार सांभाळणे ही इथे मोजली जाणारी विद्या आहे.

या स्पर्धेच्या विजेत्यांत भारतीय नाव लागायला २०१५ साल उजाडले : सुमित नागल, जोडीला व्हिएतनामचा ली होआंग नाम. त्याच्या तेवीस वर्षे आधी ते दोन गेमनी हुकले होते. उपविजेत्यांच्या रकान्यात दोन नावे आहेत. आपण मराठी माणसांनी तरी ती दोन्ही वाचावीत.