हिंदूरावांचा भाचा

दिल्लीत रिक्षावाल्याला नुसते 'हिंदूराव' म्हटले तर तो रिजवरच्या दवाखान्याकडे नेतो आणि 'बाडा हिंदूराव' म्हटले तर सदर बाजाराकडे. त्या 'बाड्या'त माझ्या मराठी कानाला 'वाडा'च ऐकू येतो. नाव कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे. हिंदूराव हा त्यांचा किताब. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे त्यांची बहीण. रिजवरचा बंगला आधी विल्यम फ्रेझरचा होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला, त्यानंतर तो हिंदूरावांकडे आला. पण कागलचा सरदार दिल्लीच्या टेकडीवर पोचला कसा, हे शोधत मागे गेले की सोळा वर्षांचा, घर सोडून निघालेला एक मुलगा भेटतो.

दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. बायजाबाईंनी अकरा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव जनकोजी ठेवले आणि आपल्या नातीशी त्याचे लग्न लावून दिले. गादी त्याची, कारभार बाईंचा. आपण हयात असेपर्यंत राज्य आपणच चालवावे ही नवऱ्याची इच्छा होती, असे त्या सांगत. कारभारात त्या कच्च्या नव्हत्या, म्हणूनच पेच अवघड होता.

शास्त्राच्या रूढ अर्थाने सोळाव्या वर्षी मुलगा व्यवहाराला लायक होतो. जनकोजीचे ते वय १८३२ मध्ये आले आणि त्याच वर्षी तो राजवाड्यातून निसटून कंपनीच्या रेसिडेंटकडे आश्रयाला गेला. डिसेंबरात गव्हर्नर-जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आला. त्याने मुलाला धीर धरायला सांगितले. त्या सल्ल्यात न्याय कमी आणि कंपनीची सोय जास्त होती, असे मला वाटते. जुलै १८३३ मध्ये फौजेनेच बाजू बदलली आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. बहिणीची सत्ता गेली तसा भावाचाही तिथला आधार गेला.

भाषांतर करताना मी एका शब्दापाशी नेहमी अडतो. दिल्लीच्या कचेऱ्यांत वयाखालच्या मुलाला 'नाबालिग' म्हणतात, म्हणजे अजून न पोचलेला. आपल्या सातबाऱ्यावर तो 'अज्ञान' असतो आणि त्याच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव लागते. जनकोजीला काय कळत नव्हते? राज्य कोणाचे आणि दार कुठले, हे दोन्ही त्याला कळले होते.

तो १८४३ मध्ये वारला. त्याची विधवा ताराबाई जेमतेम तेरा वर्षांची. तिने आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. एका अज्ञानाने दुसऱ्याला मांडीवर घेतले! त्या वर्षअखेरीस महाराजपूरची लढाई झाली आणि १८४४ च्या तहात कंपनीने नव्या महाराजांचे सज्ञान होणे अठराव्या वर्षावर नेले. सर्वसाधारण कायद्यात अठरा आले ते पुढे १८७५ मध्ये.

तेच अठरा आजही आहे. त्याआधी स्वतंत्र राहू द्या, असा अर्ज करायची सोय आपल्या कायद्यात नाही. मूल घरातून निघाले तर तो त्याचा गुन्हा नसतो. गुन्हा ठरतो त्याला नेणाऱ्याचा. जुन्या दंडसंहितेत ही रेषा मुलग्यासाठी सोळा होती, मुलीसाठी अठरा. नव्या संहितेत दोघांसाठी अठरा आहे. १९६४ च्या वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक केला. अठराच्या जवळ आलेली, समजती मुलगी आपणहून आली आणि तिच्यासोबतच्या माणसाने तिला घर सोडायला लावले नाही, तर त्याने तिला 'नेले' असे होत नाही. ती सुटका त्याची होती. तिला जाण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

स्टेशनवर एकट्या सापडलेल्या मुलाला आज चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मारहाणीमुळे पळालेल्याला तिथे खरोखर आसरा मिळू शकतो. रेसिडेंटच्या कोठीपेक्षा ते दार बरे. पण वयाची शंका आली तर आधी शाळेचा दाखला मागतात, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि कुठलाच कागद नसेल तर हाडांचा एक्स-रे काढतात.