भेटीवरची जकात

कुरिअरचा पोरगा दारात गाडी लावतो आणि खोक्याच्या आधी मोबाईल पुढे करतो. "काका, ड्युटी भरायची हाय बघा." चिकोडीसारख्या तालुक्याच्या गावालाही आता हे नवं राहिलेलं नाही. पोरं पुण्या-बंगळुरावरून जर्मनीला, अमेरिकेला पोचली आणि त्यांच्या पाठोपाठ उलट्या दिशेनं खोकी येऊ लागली. भाच्यानं मामासाठी कॉफीचं यंत्र धाडलेलं असतं. मामा चक्रावतो. "अरे, मी कुठं काय मागवलंय? पोरानं भेट दिलीय ती!" पोरगा नुसता हसतो. शेजारचा कानडी दुकानदार गल्ल्यावर बसूनच म्हणतो, "सुंकदवन मुंदे सुखदुःख हेळिद हागे." म्हणजे जकातवाल्यापुढं सुखदुःख सांगितल्यागत.

या एका प्रसंगात तीन शब्द येऊन गेले. पोरगा ड्युटी म्हणाला, दुकानदार सुंक म्हणाला आणि आपण अर्थ लावताना जकात म्हणालो. सीमेवरच्या गावात हे चालायचंच. पण यातल्या प्रत्येक शब्दाचं गोत्र काढत गेलं की मामाच्या तक्रारीत तथ्य आहे असं वाटू लागतं. भेट आणि जकात यांचं नातं फार जुनं आहे, आणि ते एकदा उलटंसुलटं होऊन बसलेलं आहे.

सुंक वयानं थोरला. संस्कृत शुल्काचं प्राकृतात सुंक झालं आणि कानडीनं ते ठेवून घेतलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्यानं नगराच्या महाद्वाराशी शुल्कशाला बांधायची, वर ध्वज लावायचा. चार-पाच कारकुनांनी व्यापारी कोण, कुठून आला, माल किती, मुद्रा कुठे उठवली हे लिहून घ्यायचं. बाहेरून आत येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा हिस्सा शुल्क. ते चुकवायला कुणी किंमत किंवा माप कमी सांगितलं, तर जादा निघालेला माल राजानं घ्यावा किंवा आठपट शुल्क भरून घ्यावं. खोक्यावरच्या कागदात किंमत कमी लिहायची युक्ती भाच्याला सुचली असेल, तर ती दोन हजार वर्षं शिळी आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या कानडी शिलालेखांत सुंकाचे प्रकार भेटतात. हेज्जुंक म्हणजे थोरला सुंक, त्याच्या जोडीला वड्डरावुळ, आणि वसुलीवर सुंकवेर्गडे नावाचा अधिकारी. पण हे लेख कोरले गेले ते बहुधा कर बसवल्याची नोंद म्हणून नव्हे. अमुक मालावरचा सुंक अमुक देवळाला किंवा मठाला दिला, असं दान नोंदवण्यासाठी ते उभे राहिले. म्हणजे या मुलखात कराचं दान होत होतं.

जकातीचा प्रवास नेमका याच्या उलटा. मूळ अरबी शब्द झकात. इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी तो एक. शिलकीच्या धनाचा चाळिसावा हिस्सा गरजूंना द्यायचा. देणाऱ्याचं उरलेलं धन त्यामुळे शुद्ध होतं, अशी श्रद्धा. शेतातलं पीक आणि गोठ्यातली जनावरं जागच्या जागी मोजता येतात. व्यापाऱ्याचं धन मात्र उंटाच्या पाठीवर फिरतं. मग ते मोजायचं कुठं? वाटेवरच्या चौकीत. पहिल्या खलिफांच्या काळातच अशा चौक्या बसल्या, आणि तिथं इतर धर्मांच्या व्यापाऱ्यांकडूनही वेगळ्या, चढ्या दरानं वसुली होऊ लागली. एकदा चौकी उभी राहिली की मागचा हेतू मावळतो आणि आडवा बांबू तेवढा उरतो. फारसी दप्तरातून हा शब्द दख्खनेत आला तोवर धर्मादाय गळून पडला होता. उरला होता मालावरचा कर.

मराठीनं तो इतका आपलासा केला की जकाती, जकातदार, जकातनाका अशी सगळी भावकी तयार झाली. जकात हे नुसतं वसुलीचं साधन नाही, हेही इथल्या राज्यकर्त्यांना लवकर कळलं होतं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि व्यापारी तिकडं वळत होते. त्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे आपल्याकडच्या मिठाचा खप मोडणार नाही, असा त्याचा आशय. आज परदेशी वस्तूवर आयातशुल्क का, असं विचारलं की जे उत्तर मिळतं, त्याचा हा मराठी नमुना.

पेशवाईत जकातीचे पोटभेद झाले. माल भरला त्या ठिकाणी द्यायची ती थळभरीत, विकला त्या ठिकाणी द्यायची ती थळमोड, आणि शिक्का उठवण्याचा तो छापा. या दोन टोकांच्या मधल्या वाटेवर चौक्याच चौक्या. मुलूख पेशव्यांचा, पटवर्धनांचा, करवीरकरांचा, निपाणकर देसायांचा असा तुकड्यातुकड्यांनी वाटलेला. बैलांचा तांडा घाटाखाली उतरेपर्यंत कितीदा थांबणार? या थांबण्यातून एक धंदा जन्माला आला, हुंडेकऱ्याचा. व्यापाऱ्याकडून ठोक रक्कम घ्यायची, वाटेवरच्या जकातदारांशी आपण मिटवायचं आणि माल मुक्कामी पोचता करायचा. कुरिअर कंपन्या आज विमानतळावर आपल्या वतीनं शुल्क भरतात आणि दारात ते हाताळणी-खर्चासकट वसूल करतात, तो हाच धंदा. बिलातली शेवटची ओळ सरकारची नसते, ती हुंडेकऱ्याची असते.

या व्यवहारातला आणखी एक शब्द आपण रोज वापरतो, पण ओळखत नाही. राहदारी म्हणजे वाटेवर घेतलेला कर आणि तो भरल्याचा परवाना. कर गेला, परवाना गेला; रस्त्यावरची वर्दळ तेवढी 'रहदारी' म्हणून राहिली.

इंग्रजांनी १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातली अंतर्गत वाटजकात उठवली. संस्थानांनी मात्र आपापले नाके राखले, आणि चिकोडीच्या आसपास संस्थानांना तोटा नव्हता. पुढे नगरपालिकांनी जकात शहराच्या वेशीवर आणून बसवली. तिचं इंग्रजी नाव ऑक्ट्रॉय. ते फ्रेंचमधून आलं, आणि त्याच्या मुळाशी 'बहाल करणे' असं क्रियापद आहे. म्हणजे इथंही दानतच. कस्टम म्हणजे तर नुसती रीत, आपला दस्तूर. घेणाऱ्यांनी घेण्याला कधी घेणं म्हटलेलं दिसत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला चिकोडी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली आणि एक नवी वेस तयार झाली. महामार्गावर कोगनोळीपाशी विक्रीकराची तपासणी आली, ट्रकांच्या रांगा आल्या, चहाच्या टपऱ्या आल्या. कर्नाटकानं १९७९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद केली. कोल्हापुरात ती पुढंही बरीच वर्षं राहिली. एकच टेम्पो निपाणीत मोकळा आणि कोल्हापुरात अडलेला, असं चित्र असे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात त्या दिवशी संपली आणि राज्यांच्या सीमेवरची करतपासणीही उठली. आता कोगनोळीला थांबायचं ते टोलसाठी.

मग मामाच्या दारात आलं ते काय? ती देशाच्या वेशीवरची जकात. १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि १९७५ चा दरांचा कायदा, या दोन खांबांवर ती उभी आहे. तिची गोम आकारणीत आहे. किंमत धरताना वस्तूच्या मोलात वाहतूक आणि विमाही मिळवतात. समजा हे सारं मिळून १०,००० रुपये झालं आणि मूळ शुल्क १० टक्के आहे. त्याचे १,००० झाले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १००. आता ११,१०० च्या एकूण रकमेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर धरला, तर १,९९८. बेरीज ३,०९८. दर वस्तूगणिक बदलतात, पण करावर कर चढण्याची ही उतरंड तीच राहते. मामाला १० टक्के ऐकून ३१ टक्के भरावे लागतात ते यामुळे.

आणि भेटीचं काय? एके काळी परदेशातून आलेली ५,००० रुपयांपर्यंतची भेट शुल्कमुक्त होती. ही वाट पाहून परदेशी दुकानांनी विकलेला माल 'भेट' म्हणून धाडायला सुरुवात केली. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं ती वाट बंद केली. भेट आता पूर्ण शुल्क भरूनच सोडवायची. व्यापाऱ्यांनी दानाचं सोंग घेतलं आणि खरं दान त्यात भरडलं गेलं. ज्या शब्दाचा जन्म देण्यात झाला, तो फिरून देण्यावरच येऊन बसला.

त्या आदेशानं अपवाद दोनच ठेवले, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. तिथंही कारकुनी काटेकोरपणा असा, की राखी चालेल, राखीसोबतची भेटवस्तू नाही. परदेशातल्या बहिणीनं पाकिटात धागा घातला तर तो सरळ येतो. शेजारी चॉकलेटचा डबा ठेवला की त्याचा हिशेब सुरू होतो.

मामानं पैसे भरले. पावती घडी करून खिशात ठेवताना कुरिअरच्या पोराला म्हणाला, "पुढच्या खेपेला नुसता धागा धाड म्हणून सांगतो त्याला."

"धागा बहिणी धाडत्यात, काका," पोरगा म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.