गाडीतला कॅमेरा : चालकाचा साक्षीदार, प्रवाशाची चिंता

बीड : भाड्याच्या मोटारीत समोरच्या काचेवर बसविलेला डॅशकॅम अपघाताच्या वेळी चालकाची बाजू मांडतो. मात्र त्याचे दुसरे भिंग मागच्या आसनाकडे वळलेले असेल, तर प्रवाशाचा चेहरा, त्याचे बोलणे आणि प्रवासाची वेळही टिपली जाते. पहिले चित्रीकरण रस्त्याचे असते, दुसरे माणसाचे. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे.

बीडहून पुणे सुमारे २५० किलोमीटर, तर छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर अंतरावर आहे. रुग्णालय, न्यायालय, परीक्षा अशा कामांसाठी भाड्याच्या गाडीने जाणारा प्रवासी काही तास त्याच गाडीत असतो. आजारपण, जमिनीचा वाद, सोयरिकीची बोलणी असे सारे काही तो फोनवर बोलतो. महानगरात चित्रफितीतील चेहरा बहुधा अनोळखी ठरतो. तालुक्याच्या गावी तो तत्काळ ओळखला जातो, आणि एकदा मोबाइलवर फिरू लागलेली चित्रफीत परत घेता येत नाही.

कॅमेरा कशासाठी?

शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचे १४ ऑगस्ट २०२२ रोजी बीडहून मुंबईकडे जाताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघाती निधन झाले. अपघात कसा घडला याविषयी शंका व्यक्त झाल्या आणि तपास सीआयडीकडे सोपविण्यात आला. वाहनाचा वेग, पुढच्या वाहनाची हालचाल, धडकेचा क्षण यांची नोंद असेल, तर अशा तपासाला आधार मिळतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही ती उपयोगी पडते. चालकासाठी हा रोजीरोटीचा प्रश्न आहे. खोट्या तक्रारीतून किंवा भाड्याच्या वादातून सुटण्यासाठी त्याच्याजवळ दुसरा साक्षीदार बहुधा नसतो.

साध्या डॅशकॅममध्ये चित्रीकरण एक ते तीन मिनिटांच्या तुकड्यांत साठते. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसला जाऊन नवा लिहिला जातो. एका मिनिटाला साधारण १०० एमबी जागा लागते, असे धरल्यास ६४ जीबीच्या कार्डात सुमारे दहा तासांचे, म्हणजे बीड-पुणे जाऊन-येऊन प्रवासाचे, चित्रीकरण मावते. जोराचा धक्का बसल्यास संवेदक तो तुकडा पुसला जाऊ देत नाही.

कायदा काय सांगतो?

रस्त्याकडे तोंड असलेल्या डॅशकॅमवर देशात बंदी नाही. प्रवाशाचा प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली आहे.

घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या चित्रीकरणाला हा कायदा लागू नाही. परंतु भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकाला ही सवलत सांगणे अवघड जाईल. पूर्वसूचना आणि संमती ही या कायद्याची मुख्य सूत्रे आहेत. सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातील भाषांत उपलब्ध करून देण्याची तरतूद त्यात आहे. कायदेशीर दावा शाबित करण्यासाठी आवश्यक असलेल्या वापराला मात्र बरीच मोकळीक आहे.

फौजदारी कायद्याचे संरक्षण मर्यादित आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागाच्या चित्रणापुरतेच आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. स्त्रीच्या विनयाचा अवमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात ढवळाढवळ केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ लागू होते. केवळ करमणुकीसाठी पसरविलेली साधी चित्रफीत या दोन्ही कलमांतून निसटू शकते.

पुरावा टिकायचा तर

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा महत्त्वाचा निकाल शेजारच्या जालन्याचा आहे. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा प्रश्न आला. मूळ उपकरण न्यायालयात सादर न करता प्रत दिल्यास प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणूनच मोबाइलवरून पुढे धाडलेल्या चित्रफितीपेक्षा जपून ठेवलेले मूळ कार्ड अधिक मोलाचे ठरते.

परदेशातील धडे

ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन नगर परिषदेने टॅक्सीत अखंड ध्वनिमुद्रणाची सक्ती केली होती. माहिती आयुक्तांनी २०१२ मध्ये ती बेकायदा ठरविली. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात एका चालकाने शेकडो प्रवाशांचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवर केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. त्यानंतर उबर आणि लिफ्ट या कंपन्यांनी त्याला दूर केले.

चालक आणि प्रवाशांसाठी

- शक्यतो केवळ रस्त्याकडचा कॅमेरा वापरावा. आतला असल्यास दारावर व आसनासमोर मराठीत सूचना लावावी.
- ध्वनिमुद्रण बंद ठेवावे. बहुतेक यंत्रांत ती सोय असते.
- चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकू नये. पोलिसांना देताना लेखी मागणी घ्यावी व दिल्याची नोंद ठेवावी.
- गाडी विकताना किंवा दुसऱ्या चालकाकडे सोपविताना कार्ड काढून घ्यावे.
- प्रवाशाने बसण्यापूर्वीच कॅमेऱ्याविषयी विचारावे. आतील चित्रण पसरल्याचे आढळल्यास त्याची प्रत व दुवा जपून पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार करावी.